बसरा, खुर्रमशहर आणि आईची पंगत

आमच्या घरात जगाचं राजकारण संध्याकाळी ताटं मांडली की सुरू व्हायचं. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. सकाळी घाईत चाळलेला पेपर ते संध्याकाळी सावकाश, मोठ्याने वाचायचे. ऐकायला आयती माणसं होती, कारण आई घरातच मेस चालवायची. कॉलेजची मुलं भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसायची, पुढ्यात स्टीलची ताटं, आणि वडील दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून त्यांना इजिप्त, सीरिया, सुएझचा कालवा असं एकेक वाढत राहायचे. आई आमटी वाढायची. मुलांचं लक्ष अर्थातच आमटीकडे असायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि चपात्या लाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. ते मला मुळीच आवडत नसे, हे इथेच सांगून टाकते. पुढे कुठे माझा सूर चढलेला वाटला, तर त्याचं कारण चपात्या आहेत.

नाशिकरोडची आमची कॉलनी बहुतेक बौद्ध कुटुंबांची. कुणी रेल्वेत, कुणी छापखान्यात, कुणी शाळेत. आईची मेस कॉलनीत प्रसिद्ध होती ती दोन गोष्टींसाठी. एक, रविवारचं काळ्या मसाल्याचं मटण. दुसरी, तिचा नियम. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पंगतीत बसायचं आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एखाद्याला उशीर झाला तर पंगत थांबेल, पण वेगळं पान कुणालाही मिळणार नाही. एकदा एका बड्या घरच्या मुलाने आतल्या खोलीत टेबलावर जेवण मिळेल का, असं विचारलं. आईने त्याला हसत हसत दुसऱ्या मेसचा पत्ता सांगितला. वर त्याच्या डब्यात लाडूही घातले.

आमच्याकडे पहिला परदेशी आला तो इराणी. इराणात तेव्हा अजून शहा गादीवर होता. हा उंच, कल्ले राखलेला, पायात बेलबॉटम, आणि चेहरा मात्र दोन मेसमधून नकार मिळाल्यामुळे पडलेला. मुसलमान, परदेशी, मटण खाणारा. तेवढी कारणं लोकांना पुरत. आईने त्याला एकच प्रश्न विचारला.

"तिखट चालंल का रं?"

तिखट म्हणजे काय हे ठाऊक नसताना तो जोरात हो म्हणाला. पहिल्याच दिवशी ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण पंगत संपेपर्यंत उठायचं नाही हा नियम त्याने पाळला, उचक्या देत पाळला, आणि आईच्या मनात कायमचा जाऊन बसला.

वर्षभराने तोच दुसऱ्याला घेऊन आला. हा इराकचा, बसरा शहराचा. एसटी स्टँडवर कुणीतरी अरबीत कंडक्टरशी भांडतंय हे ऐकून इराणी धावत गेला होता. त्याचं गाव खुर्रमशहर, आणि त्या गावात निम्म्या घरांतून अरबी बोलली जाते, म्हणून त्याला ती येत होती. दोघांच्या गावांच्या मधे एक नदी. अलीकडे इराण, पलीकडे इराक. इतक्या लांब नाशकात येऊन नदीपलीकडचा शेजारी भेटला याचा त्यांना इतका आनंद झाला की दोघांनी कॉलनीतच एक खोली घेऊन टाकली.

वडिलांनी बसऱ्याच्या पोराचं त्याच दिवशी बारसं केलं. "अलिबागचा अलिबागकर, तर बसऱ्याचा बसरेकर." तो बसरेकरच झाला. पोस्टमनसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचा. इराणी मात्र इराणीच राहिला, कारण नाशकात इराणी आडनावाची माणसं चहाच्या हॉटेलांत चिक्कार होती आणि त्यात नवीन काही नव्हतं.

या दोघांचं रोज एका गोष्टीवरून वाजायचं. मधल्या नदीला बसरेकर 'शत्तुल अरब' म्हणायचा आणि इराणी 'अरवंद'. नदी नक्की कुणाची, काठापर्यंत कुणाची, मधल्या धारेपर्यंत कुणाची, हा वाद दोन्ही देशांत जुना होता. वडिलांना तर कोलीतच मिळालं. ते खुर्चीतून उठून सतरंजीवर यायचे, एखाद्याच्या ताटात दोन बाजूंना भाताचे ढीग करायचे आणि मधून आमटी सोडायचे. "ही नदी. आता मला दाखवा, कुठपर्यंत तुमची?" मग बसरेकर बोटाने रेघ ओढायचा, इराणी ती पुसायचा, आणि ज्याचं ताट असेल तो बिचारा भात कधी खायला मिळतोय याची वाट बघायचा. त्यावरून खजुराचा वाद निघायचा. कुणाच्या काठाचा खजूर गोड, यावर त्या दोघांचं कधीच एकमत झालं नाही. घरून कुणी येणारं-जाणारं असलं की दोघांना खजूर यायचा, आणि आम्हाला दोन्हीकडचा खाऊन निकाल द्यावा लागायचा. मी नेहमी म्हणायचे, आणखी चार खाल्ल्याशिवाय सांगता येणार नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. रेल्वे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आई त्यांना सिस्टर म्हणायची. कपाळाला कुंकू नाही, पण गळ्यात मंगळसूत्र, अंगावर सुती लुगडं, बोलणं अलिबागकडचं, आणि बोंबलाच्या कालवणावर जीव. त्या बेने इस्रायल, म्हणजे यहुदी. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. आमच्याकडचं मटण त्या खात नसत. रविवारी यायच्या, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायच्या आणि पंगतीत सगळ्यांच्या बरोबर बसायच्या.

त्या यहुदी आहेत हे कळल्यावर बसरेकर हादरला. त्याच्या शाळेत यहुद्यांविषयी काय शिकवलं असेल ते असो, पण लुगडं नेसून बोंबील साफ करणारी बाई त्यात नक्कीच नव्हती. काही दिवस तो मावशी आल्या की मान खाली घालून जेवायचा. "खरं सांग, ती हिंदू आहे ना?" असं त्याने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, "त्यांनाच विचार." ती काही त्याची छाती झाली नाही.

मग त्याला ताप भरला, सडकून. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि कॉलनीत इंजेक्शन द्यायला मावशींशिवाय कुणी नव्हतं. आई त्यांना घेऊन खोलीवर गेली. मी उकळलेल्या सुईचा डबा धरून मागे होते.

"उपडा हो," मावशी म्हणाल्या.

बसरेकर भिंतीकडे सरकला. इराण्याने अत्यंत आनंदाने त्या वाक्याचं अरबीत भाषांतर केलं.

"हे बघ," मावशी सुई वर धरून म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं नि आमच्या लोकांचं तिकडे काय चाललंय ते मला पेपरातून कळतं. या सुईला पेपर वाचता येत नाही. हलू नकोस."

तो हलला नाही. वडिलांनी त्या संध्याकाळी पंगतीत जाहीर केलं की अरब आणि इस्रायल यांच्यात नाशिकरोडला समझोता झाला असून एका पक्षाला काही दिवस बसता येणार नाही.

बरा झाल्यावर बसरेकर स्वतःहून मावशींशेजारी बसला. त्याने सांगितलं, बसऱ्यात त्याच्या आजीच्या शेजारीही एक यहुदी कुटुंब होतं. इस्रायल झाल्यावर इराकातल्या यहुद्यांना राहणं कठीण झालं, आणि ते सगळे निघून गेले. जाताना शेजारीण आपलं शिलाई मशीन आजीकडे ठेवून गेली, परत येईन म्हणाली. आजी अजून दर ईदला त्या मशीनला तेल घालते. मावशींनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "चांगली बाई आहे तुझी आजी. मशीनला तेल घालायचं कुणाला सुचतं?"

मावशींची स्वतःची मुलगी इस्रायलला लग्न करून गेली होती. ती सारखी बोलवायची. मावशी जात नसत. त्याचं कारण त्यांनी एका रविवारी सांगितलं. त्यांची थोरली बहीण आधीच तिकडे गेली होती. तिच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही हिंदुस्थानातले लोक खरे यहुदी कशावरून? किती पिढ्यांचं सांगता येईल? बहिणीने पत्रात लिहिलं होतं, इतकी वर्षं शनिवार पाळला, आणि आता आपल्याच माणसांना पटवायचंय. पुढे आमच्या लोकांनी तिथे रस्त्यावर बसून सत्याग्रह केला, तेव्हा कुठे मिटलं, असं मावशी म्हणाल्या.

आई भाकरी थापायची थांबली. "म्हंजी तिथंबी वेगळी पंगत?"

"तिथेही," मावशी म्हणाल्या.

"मग नका जाऊ," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मग इराणात क्रांती झाली. शहा पळाला. इराण्याने खोलीतल्या भिंतीवरून एक फोटो काढला, काही दिवस दुसरा लावला, आणि नंतर तोही काढून तिथे एका क्रिकेटपटूचं कॅलेंडर लावलं. वडिलांनी त्याला रोज दहा प्रश्न विचारावेत आणि त्याने रोज "बाबा, मला नाही माहीत" म्हणावं, असं चाललं. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला, म्हणजे ऐंशी सालच्या सप्टेंबरात, इराकने इराणवर हल्ला केला.

लढाई नेमकी त्या नदीवरच सुरू झाली. आमच्या आमटीच्या नदीवर. वडिलांनी पेपर उघडला, पहिल्या पानावर खुर्रमशहराचं नाव पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिला. त्यांनी पंगतीत पेपर न वाचल्याचा मला आठवणारा तो पहिला दिवस. इराण्याच्या गावावर पलीकडून तोफा चालल्या होत्या, आणि बसऱ्यावर अलीकडून. दोघांच्याही घरच्यांची काही खबर नव्हती. दोघं नेहमीसारखे शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांचेही घास तोंडात फिरत होते.

चार दिवस असेच गेले असतील. मग बसरेकर कुणाच्या तरी प्रश्नावर म्हणाला की नदी तशी आमचीच होती. हे वाक्य त्याने त्या सतरंजीवर शंभरदा म्हटलं असेल. पण या वेळी इराणी ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच, हात तसाच, आणि दाराबाहेर.

आमच्या घरात भरल्या ताटावरून कुणी उठलं नव्हतं. आई पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराणी एकटा आला आणि म्हणाला, मी लवकर येऊन जेवून जाईन. तासाभराने बसरेकर आला. त्याने तोवर पलीकडच्या गल्लीत दुसरी खोली घेतली होती. तो म्हणाला, मी सगळ्यांचं झाल्यावर येईन. आईने दोघांना एकच उत्तर दिलं.

"माझ्या घरात वेगळी पंगत बसायची नाय. जेवायचं तर संगं जेवा. नायतर येऊ नका."

दोघंही आले नाहीत.

आई मोठ्या जिद्दीची, हे मला माहीत होतं; पण ती किती जिद्दीची हे तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी ती त्या दोघांची ताटं त्यांच्या जागेवर, एकाशेजारी एक, पालथी मांडून ठेवायची. त्यांच्या वाटच्या भाकऱ्या थापायची. सटाण्याकडचा एक मुलगा नवीनच आला होता. त्याने त्यातल्या एका ताटाकडे बोट दाखवून विचारलं, "हाई ताट कोनं शे?"

"त्यांचं हाय. येतील," आई म्हणाली, आणि त्याला दुप्पट भात वाढून गप्प केलं.

ती पोरं स्टँडवर केळी आणि पाव खाऊन दिवस काढतायत, हे कॉलनीत सगळ्यांना दिसत होतं. इराण्याची पँट कमरेला सैल झाली. वडिलांनी मध्यस्थी करून पाहिली. "अगं, तात्पुरता युद्धविराम समज. एकाला साडेसहाला बसव, एकाला आठला. पोटाला तरी मिळेल."

"तुमचा युद्धविराम तुमच्या पेपरात ठेवा," आई म्हणाली. वर, बसऱ्यात बॉम्ब पडतो नि माझ्या स्टोव्हला रॉकेल मिळत नाय, हेबी त्यांना जाऊन सांगा, असंही म्हणाली. कोणाला सांगायचं ते तिने स्पष्ट केलं नाही.

मलाही तिचा राग आला होता. एका दुपारी पीठ मळताना मी म्हटलंच, "नियम माणसांसाठी असतो ना? पोरं उपाशी राहिली तर तुझ्या नियमाला काय अर्थ?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कढईत कांदा परततच बोलली. तिचं माहेर येवल्याजवळचं. ती लहान असताना गावात मोठ्या घरचं लग्न झालं. सगळ्या गावाला जेवण होतं. गावकुसाबाहेरच्या तिच्या लोकांनाही बोलावलं होतं. पण गावाची पंगत उठल्यावर, उकिरड्याच्या कडेला, जमिनीवर. वाढणारा माणूस लांब उभा राहायचा आणि बुंदी वरून टाकायचा. निम्मी पत्रावळीत पडायची, निम्मी मातीत.

"माझी आई ती मातीतली बुंदी येचत होती," आई म्हणाली. "मी तिला म्हनलं, आई, नको ना. ती म्हनली, खा गं, गोड हाय. गोडच होती ती. मला आजबी बुंदी नाय खाववत."

कांदा जळाला होता. तिने कढई खाली उतरवली.

"माणसं एकामेकाला मारतात, ते मला नाय थांबवता येत. पण माझ्या हातानं दोन पंगती मांडायच्या? मी मरंल पण ते करायची नाय."

मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. हात पिठाचे होते म्हणून नुसती उभी राहिले. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. पण पेच तसाच होता. तिला वेगळं वाढता येत नव्हतं आणि त्यांना एकत्र बसता येत नव्हतं, आणि आईचा वाढता हात त्या पालथ्या ताटांपाशी रोज अडत होता.

वाट निघाली ती मावशींच्या घरातून. त्यांची मुलगी इस्रायलात बाळंत झाली. बाळंतपण अवघड होतं, मावशींनी नवस बोलला होता, आणि दोघं सुखरूप असल्याची तार आली. आता मलिदा करायचा होता. मलिदा म्हणजे बेने इस्रायलांचा एलियाहू पैगंबराचा प्रसाद: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडे, वर फळं आणि खजूर, सगळं एका परातीत. प्रार्थना झाली की त्याच एका परातीतून सगळ्यांना वाटायचं. हा नवस त्यांचे लोक कोकणात शेकडो वर्षं करत आलेत.

पोहे, नारळ, केळी सगळं आलं. मनासारखा खजूर मिळेना. मावशी नि मी नाशकातला भद्रकालीचा बाजार पालथा घालून आलो. दुकानदार म्हणाला, "बाई, माल बसऱ्याकडून यायचा. तिकडं लढाई. जहाजंच सुटंना." जो होता तो इतका वाळलेला की मावशींनी एक दाबून पाहिला आणि परत ठेवला.

"देवाला हा दगड दाखवू?" त्या म्हणाल्या. मग रस्त्यातच थांबल्या. "चल माझ्याबरोबर."

आधी बसरेकराची खोली. त्याच्या कॉटखाली एक पत्र्याचा डबा होता. लढाईआधी त्याच्या आईने कुणाबरोबर तरी पाठवलेला शेवटचा खजूर, पुरवून पुरवून खाल्लेला. मावशींनी कारण सांगितलं. त्याने डबाच त्यांच्या हातात दिला. मग इराण्याची खोली. खुर्रमशहर पडल्याची बातमी तोवर येऊन गेली होती. घरचे इस्फहानला काकांकडे पोचल्याचा निरोप त्याला मिळाला होता, पण घर राहिलं नव्हतं. त्याने ट्रंकेतून एक कापडी पिशवी काढली. त्यांच्या अंगणातल्या झाडाचा खजूर. मी म्हटलं, "अरे, थोडे तरी ठेव तुला."

"नवसाला कोणी मोजून देतं का?" तो म्हणाला.

दोघांनीही दारात एकच विचारलं, तो येणार आहे का? मावशींनी दोघांना सांगितलं, "मी अख्ख्या कॉलनीला बोलावलंय. तुझी सोय बघून पैगंबर थांबणार नाही." घरी आल्यावर त्यांनी दोन्ही खजूर एकत्र परातीत ओतले आणि हाताने कालवून टाकले.

रविवारी दुपारी मनमाडहून रेल्वेतली त्यांच्या समाजाची माणसं आली. डोक्यावर टोप्या घालून त्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. चाल मात्र मला आपल्याकडच्या कीर्तनासारखी वाटली आणि वडील तर मान डोलवत ताल धरून बसले. मावशींची खोली लहान, सगळे परातीभोवती दाटीवाटीने बसलेले. बसरेकर एका कोपऱ्यात, इराणी दुसऱ्या, पण त्या खोलीत दोन कोपऱ्यांतलं अंतर हातभर होतं. सटाण्याच्या मुलाने मावशींना विचारलं, हे एलियाहू म्हणजे कोण? मावशी सांगू लागल्या, मोठे पैगंबर, संकटात सापडलेल्याच्या मदतीला धावून येतात...

"इलियास!" बसरेकर आणि इराणी एकदमच म्हणाले. त्यांच्याकडेही तेच होते. एकाच वेळी बोललो हे लक्षात आल्यावर दोघांनी तोंडं फिरवली.

मग वाटप झालं. बसरेकराने खजूर तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. तो अरबीत काहीतरी म्हणाला. इराण्याने झटकन उत्तर दिलं. पहिल्याचा आवाज चढला, दुसऱ्याचाही. आईने माझा दंड घट्ट धरला.

"काय म्हणतायत हो?" मावशींनी वडिलांना विचारलं. वडिलांना अरबीचं अक्षर येत नव्हतं.

"सीमाप्रश्न," ते म्हणाले.

तसं नव्हतं. मनमाडच्या टोपीवाल्यांपुढे इराण्यानेच ते नंतर मोडक्या मराठीत सांगितलं. बसरेकर म्हणत होता, हा तुमच्या अंगणातला खजूर आहे, मी ओळखतो, इतकी वर्षं खाल्लाय, हाच गोड आहे. आणि इराणी म्हणत होता, नाही, हा तुझ्या आईने पाठवलेला, हा जास्त गोड आहे. जन्मभर ज्यावरून भांडले त्याच्याच उलट बाजूने भांडत होते. बसरेकर म्हणाला, तुझं झाड राहिलंय का? इराणी म्हणाला, माहीत नाही. आणि मग ते दोघं मिशाळ बाप्ये, हातातले पोहे सांभाळत, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. आम्हीही रडलो. मनमाडचे पाहुणेसुद्धा टोपीने डोळे पुसत होते.

"पुरे रे," मावशी नाक ओढत म्हणाल्या. "पोहे आधीच भिजवलेत."

लढाई पुढे आठ वर्षं चालली. बसरेकराला शिक्षण संपल्यावर परत जाऊन सैन्यात भरती व्हायचं नव्हतं, तो कुवेतला नोकरीला लागला. इराणी इस्फहानला गेला आणि दुकान काढून बसला. मावशी शेवटी इस्रायलला गेल्या, नातवाला बघायला म्हणून, आणि महिनाभरात बोंबील नाहीत म्हणून परत आल्या. दोघांची पत्रं मात्र आईच्या नावाने यायची, आणि एकमेकांची खुशाली ते आमच्यामार्फत विचारायचे, कारण लढाईमुळे कुवेत आणि इराणमध्ये टपाल धड जात नव्हतं. नाशिकरोडहून जात होतं.

पण मला सांगायची आहे ती त्याच रविवारची संध्याकाळ. दिवेलागणीला दोघं आले. पालथी ताटं त्यांनी स्वतःच उलथली आणि शेजारी शेजारी बसले. वडिलांनी पेपर उघडला. आईने पदर खोचला आणि आमटीचं पातेलं उचललं. तिचा चेहरा इतका फुललेला होता की माझ्या चपात्यांनाही त्या दिवशी मी क्षमा केली.

तिने सगळ्यांना वाढलं. पण इराण्याने ताटाला हात लावला नाही.

"खा की रं. काय झालं?"

"आई, तू?"

"मी जेवंन मागून. तुमचं होऊ द्या."

बसरेकराने इराण्याकडे पाहिलं. मग तो अगदी हळू, शब्द शोधत म्हणाला, "सगळ्यांचं झाल्यावर, आत, एकटी. आई, ती वेगळी पंगत नाही?"

इतकी वर्षं आम्ही त्या घरात राहत होतो. मी, वडील, आलेली गेलेली सगळी मुलं. पंगत उठली की आई आत स्टोव्हकडे पाठ करून उरलंसुरलं खायची, आणि आमच्यापैकी कुणालाही ते कधी दिसलं नव्हतं. वडिलांनी पेपर खाली ठेवला, आत गेले आणि एक ताट घेऊन आले. इराणी आणि बसरेकर दोन बाजूंना सरकले. ते ताट त्यांच्या मधे बसलं.

"आरं पण वाढंल कोण?" आई म्हणाली.

"नदी मी सोडतो," वडील म्हणाले, आणि पातेलं त्यांनी घेतलं. निम्मी आमटी सतरंजीवर सांडली. मलाही बसावं लागलं, त्यामुळे तव्यावरची चपाती जळून कोळसा झाली आणि कुणीही मला ओरडलं नाही.

आई अवघडून बसली होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. दोनदा उठायला गेली, दोनदा त्यांनी तिला खाली बसवलं. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. वाफेने तिचे डोळे मिटले. तो घास तिने सावकाश खाल्ला, आणि आमच्या सगळ्यांकडे बघत, नवल वाटून म्हणाली,

"गरम असल्यावर अशी लागती व्हय माझी आमटी."